देवळालीचा ताप

"डुलाली" हा शब्द कानावर पडला आणि मी चहाचा ट्रे हातात धरून दारातच थांबले.

बैठकीच्या खोलीत डॉक्टर पार्सन्स बसले होते. पस्तिशीचा उंच, गोरापान माणूस, आमच्या बुटक्या सोफ्यावर त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. समोरच्या खुर्चीत माझे यजमान, दिनकर निकुंभ. ते डॉक्टरांशी हळू आवाजात, भराभर इंग्रजी बोलत होते. त्यातलं मला 'वाइफ' कळलं, 'बेबी' कळलं, 'क्राइंग' कळलं, आणि मग तो शब्द आला.

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बर्मिंगहॅमजवळच्या त्या कारखान्यांच्या गावात येऊन मला वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात एकाही माणसानं विचारलं नव्हतं की बाई, तू कुठली? इंडियातली, एवढं त्यांना पुरे. आणि आज माझा नवरा एका साहेबाला माझ्या गावाचं नाव सांगत होता आणि साहेब मान डोलावत होता.

माझे वडील नाना खैरनार देवळाली कॅम्पातले शिंपी. इंग्रजांच्या काळात त्यांनी फौजेतल्या साहेबांचे युनिफॉर्म शिवले. गोऱ्यांच्या तोंडात 'देवळाली' कधी मावलंच नाही, ते 'डुलाली' म्हणायचे. नाना त्यांची फार सुरेख नक्कल करत. छाती काढून, मिशी नसलेल्या ओठावर हात फिरवून म्हणायचे, "खैरनार, बेस्ट टेलर इन डुलाली!" आम्ही भावंडं लहानपणी चेष्टेनं गावाला डुलालीच म्हणायचो.

तेव्हा मी पुढे झाले, ट्रे ठेवला आणि म्हटलं, "येस, येस! डुलाली!"

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. हे पटकन म्हणाले, "कुमुद, तू आत जा. मी बोलतोय ना?"

"बोला की. मी काय अडवलंय?" मी म्हटलं. आणि डॉक्टरांकडे वळून माझं मॅट्रिकचं इंग्रजी बाहेर काढलं. "आय बॉर्न डुलाली."

"बॉर्न?" डॉक्टरांनी विचारलं.

"येस. बॉर्न डुलाली. माय फादर डुलाली. माय ब्रदर, माय अंकल, ऑल डुलाली."

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली. मला वाटलं, सासुरवाडीचं कौतुक चाललंय म्हणून लाजले.

"अँड युवर मदर?" डॉक्टर हळूच म्हणाले.

आई माझी सिन्नरची. उगाच खोटं कशाला बोला? मी म्हटलं, "मदर नॉट डुलाली. आफ्टर मॅरेज, डुलाली."

"आय सी," डॉक्टर म्हणाले आणि मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

इतकं लक्ष देऊन माझं बोलणं त्या देशात कोणी ऐकलं नव्हतं. मग काय, माझी गाडी सुटली. देवळालीची हवा चांगली म्हणून मुंबईची श्रीमंत मंडळी हवापालटाला येतात. त्यांच्या धर्मशाळांना, बंगल्यांना आमच्याकडे सॅनेटोरियम म्हणतात. नाना त्यांचे कपडे शिवत आणि मी शिवलेले कपडे पोहोचवायला जाई. ते सगळं सांगायचं होतं, पण माझ्याजवळ शब्द किती? "डुलाली, मेनी सॅनेटोरियम," मी म्हटलं. "माय फादर गोइंग सॅनेटोरियम. आय ऑल्सो गोइंग. एव्हरी संडे. स्मॉल गर्ल, आय गोइंग."

"ॲज अ चाइल्ड?" डॉक्टरांची पेन्सिल थांबली.

"येस, येस. व्हेरी नाइस. यू ऑल्सो कम!"

डॉक्टर हसले नाहीत. पुढे वाकून त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं की तुला आत्ता कसं वाटतं, इथे, या घरात? मला प्रश्न कळला आणि उत्तर द्यावंसं वाटलं. मी रडत होते हे खरंच होतं. मुलगी झाल्यापासून मला रडू आवरत नव्हतं, जेवण जात नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं म्हणून मी वैजूशीच मराठीत तासन्‌तास बोलत बसे. रोज मनानं देवळालीला जाऊन येत असे. तेच मी सांगितलं. कपाळावर बोट ठेवून म्हटलं, "एव्हरी डे, आय गो डुलाली. हिअर."

पाळण्यात वैजू पायांनी दुपटं उडवत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघत विचारलं, "अँड बेबी?"

"बेबी नॉट डुलाली," मी म्हटलं. पोर तिथेच जन्मलेली. पण पोरीला आपल्या गावाचा लळा लागला पाहिजे, मी तिला देवळालीचीच करून टाकणार होते. "बट आय विल मेक," मी हसून म्हटलं. "समरटाइम, आय विल मेक बेबी डुलाली."

डॉक्टरांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. उठून ते पाळण्याशी गेले, वैजूला उचलून खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे न देता यांच्या हातात दिलं. मला ते जरा खटकलं, पण साहेबी रीत असेल म्हणून मी सोडून दिलं. शंकरपाळे घ्या म्हणून आग्रह केला तर दोन घेतले बिचाऱ्यानं.

ते गेल्यावर हे माझ्याशी फार दिवसांनी गोड बोलले.

"छान बोललीस," म्हणाले.

"मग? तुम्हीच मला बोलू देत नाही कोणाशी."

"सोमवारी डॉक्टरांची गाडी येईल. तुला थोडे दिवस दवाखान्यात ठेवायचंय."

"का? मला काय धाड भरलीय?"

"अशक्तपणा आहे बाळंतपणाचा. इकडे ठेवतात सगळ्यांना. आराम मिळेल. गरम जेवण आयतं मिळेल."

"आणि वैजू?"

"तिची होईल सोय. तू काळजी करू नकोस."

अंगावर पिणाऱ्या पोरीची सोय आईवाचून कशी होणार, हे मी विचारलं असतं. पण यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी विरघळले. आयतं जेवण, आराम आणि गावाची ओळख असलेला डॉक्टर! मी त्या दिवशी पोटभर जेवले आणि भांडी घासताना गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. हे ओव्हरटाइमला गेले होते. मागच्या अंगणात मी वैजूची लंगोटं वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडे मिस्टर हॉब्ज कोबीच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. बायको वारलेला, एकटा राहणारा म्हातारा. आमचं बोलणं 'मॉर्निंग, मिसेस'च्या पुढे कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र माझ्या पोटात आनंद मावत नव्हता, तो कोणाला तरी सांगायचाच होता.

"मिस्टर हॉब्ज! डॉक्टर केम. माय हजबंड टेल हिम, आय ॲम डुलाली. आय व्हेरी हॅपी!"

हॉब्ज उभा राहिला. खुरपं हातात तसंच. "हू सेड दॅट?"

"माय हजबंड. डॉक्टर नोज डुलाली! मंडे कार कमिंग फॉर मी."

म्हातारा कुंपणाशी आला आणि एकदम हिंदीत बोलायला लागला. हिंदी कसली, कॅम्पातल्या गोऱ्यांची ती मोडकी भाषा. पण त्याच्या तोंडून ती ऐकून मला नानांचं दुकान आठवलं.

"तुम डुलाली से आया? सच्ची? डुलाली कॅम्प?"

"हां! आप को कैसे मालूम?"

"हम उधर था. लढाई में. सोल्जर." त्यानं हवेत हात हलवून उतरता रस्ता काढला. "रेल्वे स्टेशन. बाजार. बहुत मच्छर." मग त्याचा चेहरा पडला. "मेमसाब, तुम्हारा हजबंड बोला तुम डुलाली से आया, ऐसा बोला? या बोला, तुम डुलाली है?"

"उस में क्या फरक?" मी म्हटलं.

त्यानं खुरपं खाली टाकलं, मातीचे हात पँटला पुसले. कसं सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी म्हणाला, "सुनो. पुराना टाइम. सोल्जर का ड्यूटी खतम. अब घर जाना. मगर जहाज नहीं. तो डुलाली में बैठो. एक महीना बैठो, चार महीना बैठो. काम नहीं. गरमी बहुत. दारू बहुत. बुखार. बहुत सोल्जर का..." आणि त्यानं कानशिलाजवळ बोट धरून गोल फिरवलं.

मी बघत राहिले.

"तो सोल्जर लोग बोलता, इस को डुलाली टॅप हो गया. टॅप, तुम्हारा वर्ड है. फीवर."

"ताप?"

"ताप! वोही. देवळाली का ताप." देवळाली त्यानं बरोबर म्हटलं, माझ्यासाठी मुद्दाम. "वो सोल्जर घर आया, वर्ड भी आया. अब इधर सब लोग बोलता. बच्चा लोग भी. किसी को मालूम नहीं कि गाँव का नाम है. मेमसाब, इंग्लंड में डुलाली मतलब पागल."

माझ्या हातात ओलं लंगोट होतं. त्याचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं आणि मला ते कळत होतं, पण हात हलेना. आदल्या दिवशीचं माझंच बोलणं एकेक करून परत यायला लागलं. मी जन्मतः वेडी. माझा बाप वेडा, भाऊ वेडा, काका वेडा. आई लग्नानंतर वेडी झाली. आम्ही बापलेक दर रविवारी सॅनेटोरियममध्ये जायचो, मी लहान होते तेव्हापासून. रोज मला वेड लागतं, इथे, डोक्यात. बाळ अजून शहाणं आहे, पण उन्हाळ्यापर्यंत मी त्यालाही वेडं करीन. आणि हे सगळं मी हसून सांगितलं होतं, वर शंकरपाळे खा म्हणून आग्रह केला होता.

"मंडे को गाडी आता है," मी म्हटलं. "मेरे लिए. हॉस्पिटल."

हॉब्जनं टोपी काढली. "कौनसा हॉस्पिटल, बोला?"

मला ठाऊक नव्हतं. त्याला असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. मग तोच म्हणाला, "शायद तुम्हारा हजबंड को भी मालूम नहीं होगा. वो भी इंडिया का आदमी है. वर्ड का मिस्टेक होगा."

बुडत्याला काडीचा आधार. मी ती काडी घट्ट धरली. खरंच, यांनाही माहीत नसेल. यांनी आपलं गावच सांगितलं असेल. हे घरी येईपर्यंत मी स्वतःला तेवढंच बजावत बसले.

संध्याकाळी ते आले. मी नेहमीसारखा चहा दिला आणि पोळ्यांचं पीठ मळता मळता विचारलं, "अहो, त्या डॉक्टरांना आपलं देवळाली कसं हो माहीत?"

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "लढाईत होते ते तिकडे. मी म्हटलं, बायको डुलालीची आहे, तर एकदम ओळख निघाली."

पस्तिशीचा माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी लढाई चालली होती तेव्हा तो चड्डीत शाळेला जात असेल. माझे हात परातीतच थांबले.

"हो का? बरं झालं," मी म्हटलं. "आणि सोमवारी वैजू कोणाकडे राहील?"

"मार्जरीकडे. आमच्या कँटीनमध्ये असते बघ. नाताळात तिनं वैजूला घेतलं होतं." आता ते पेपर बाजूला ठेवून उत्साहानं बोलायला लागले. "फार माया आहे तिला पोरीची. तिनं वैजूसाठी वेगळी खोली रंगवून घेतलीय."

"थोड्या दिवसांसाठी खोली रंगवली?"

पेपर परत वर गेला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मार्जरी नाताळात यांच्या कोटाची कॉलर सारखी करत होती, ते मी पाहिलं होतं आणि इकडची रीत म्हणून सोडलं होतं. इकडची रीत म्हणून मी काय काय सोडलं होतं! पण मला खरा धक्का मार्जरीचा नव्हता. नवरे बाहेर बघतात, ते देवळालीतही बघतात. मला धक्का बसला तो शब्दाचा. 'मॅड' मला येत होतं. 'क्रेझी' येत होतं. यातलं काहीही हे डॉक्टरांपुढे बोलले असते तर मी ट्रे यांच्या डोक्यात घातला असता. हे यांना पक्कं माहीत होतं. म्हणून यांनी अख्ख्या इंग्रजीतून तो एकच शब्द निवडला, जो ऐकून मी आनंदानं मान डोलावणार होते. माझ्या माहेरचं नाव घेऊन यांनी माझा गळा कापला होता.

ओरडावं, कपाळ फोडून घ्यावं, असं झालं. पण मी पीठ मळत राहिले. कारण ओरडले असते तर ते सोमवारी कामालाच आलं असतं. वेड्याचा एक फायदा बघा, त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करावा लागत नाही. तो काहीही करो, पुरावाच होतो. दगडाखाली हात सापडला की तो हळूच काढायचा.

सोमवारी सकाळी गाडी आली. डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर जाडजूड, प्रेमळ चेहऱ्याची एक नर्स. यांनी माझी छोटी बॅग भरून दाराशी ठेवली होती. वैजूचीही एक होती, जरा मोठी. मी नवं लुगडं नेसून, वेणी घालून, वैजूला कडेवर घेऊन बसले होते. मागचं दार मी उघडं ठेवलं होतं. हॉब्ज तिथून आत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सपाता घालून उभा राहिला.

"याला कोणी बोलावलं?" हे माझ्यावर खेकसले.

"मी," मी म्हटलं आणि डॉक्टरांकडे वळले. रविवारभर मी वाक्यं जुळवली होती. "डॉक्टर, प्लीज. आय नॉट मॅड. डुलाली इज टाउन. माय टाउन. रेल्वे स्टेशन. पोस्ट ऑफिस. टेलर शॉप."

"ऑफ कोर्स, माय डिअर," डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले आणि नर्सला डोळ्यानं खूण केली. नर्स पुढे झाली, वैजूसाठी हात पसरून.

देवाशपथ सांगते, खरं बोलत होते, शांतपणे बोलत होते, आणि प्रत्येक शब्दानं मी खड्ड्यात आणखी खाली जात होते. एका गावाचं नाव 'वेड' आहे आणि मी त्या गावची आहे, असं सांगणाऱ्या बाईला तुम्ही तरी काय समजाल? नर्सचे हात वैजूच्या काखेत गेले. पोरीनं माझा पदर मुठीत धरला.

"ती बरोबर सांगतेय," हॉब्ज इंग्रजीत म्हणाला. तेवढं मला कळलं. "मी राहिलोय तिथे, सर. बॉम्बेहून रेल्वेनं जातात."

नर्सचे हात थांबले. डॉक्टरांनी हॉब्जकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हॉब्ज बोलत राहिला, जहाज, फौज, ताप, सगळं त्यानं सांगितलं. डॉक्टरांचं तोंड हळूहळू उघडत गेलं. खिशातून त्यांनी शुक्रवारचा कागद काढला आणि वाचला. परत वाचला. "फादर डुलाली," ते पुटपुटले. "मदर... आफ्टर मॅरेज..."

आणि ते हसायला लागले. हसू आवरेना त्यांना. कागद नर्सला दाखवला, तीही हसायला लागली, छातीवर हात ठेवून. सुटका झाली म्हणून हॉब्जही हसला. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले आमचे हे. मांडीवर थाप मारून, डोळे पुसत. "द टाउन, डॉक्टर! आय मेंट द टाउन! शी इज होमसिक, दॅट्स ऑल!"

माझं पोर माझ्यापासून तुटता तुटता राहिलं होतं आणि चार माणसं माझ्या खोलीत उभी राहून हसत होती. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. यांचे दात मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले.

पण त्या हसण्यात यांच्या तोंडून एक शब्द निसटला आणि तो मी पकडला. होम मला येत होतं, सिक मला येत होतं. अर्थ लावायला वेळ लागला नाही.

"येस, डॉक्टर," मी म्हटलं. "होमसिक. माय हजबंड से, होमसिक. व्हॉट मेडिसिन?"

डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "आय ॲम अफ्रेड द ओन्ली मेडिसिन इज होम."

"टिकिट?" मी यांच्याकडे बोट केलं. "मी अँड बेबी. ही गिव्ह?"

यांचं हसू गोठलं. डॉक्टर मात्र रंगात आले होते. झाल्या चुकीची त्यांना लाज वाटत असावी, काहीतरी चांगलं करून जायचं होतं. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेल, मिस्टर निकुंभ? कॅपिटल आयडिया!" आणि निघताना बजावलं की पुढच्या आठवड्यात मी स्वतः चौकशीला येईन. स्वतःच्याच तोंडानं 'होमसिक' म्हटलेला माणूस त्यांच्यापुढे नाही कसं म्हणणार? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

दार लागल्यावर हे मला एवढंच म्हणाले, "जा. बघतो तिथे तुला कोण उभं करतं ते."

मला वाटलं, हरलेल्या माणसाची ही चिडचिड.

सांताक्रूझच्या विमानतळावर मला घ्यायला मधूदादा आला होता. मी त्याच्या गळ्यात पडले. त्यानं पाठीवर थोपटलं आणि लगेच वैजूला माझ्याकडून घेतलं. गाडीत तिला त्यानंच मांडीवर ठेवलं. पाजायला तेवढी दिली आणि समोर बसून राहिला. इगतपुरीला मी गार वाऱ्यासाठी दाराशी जाऊन उभी राहिले तर तडक उठून आला आणि माझा दंड धरला.

"बस गं आत. दारात नको."

"अरे, वारा खातेय."

"बस म्हटलं ना," दादा म्हणाला. मामा झाला म्हणून काळजी करतोय, असं मी समजले.

घरी पोहोचलो. नाना दुकानाच्या पायरीवर उभे होते, मागे आई. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात आल्या होत्या, पण "आली का गं कुमुद?" म्हणून कोणी पुढे झाली नाही. मी नानांच्या पाया पडले. दुकानात सगळं होतं तसंच होतं. मशीन, इस्त्री, कापडाचे तागे. फक्त कापायच्या टेबलावर नानांची मोठी कात्री नव्हती. ती कात्री त्या टेबलावरून हललेली मी जन्मात पाहिली नव्हती. खिळ्यावरची छोटी कात्रीही नव्हती. सुयांचा डबाही नव्हता.

नानांनी दादाकडून वैजूला घेतलं, छातीशी धरलं आणि माझ्याशी बोलले. लहान पोराशी बोलतात तसं, सावकाश.

"दमलीस का, बाळा? थोडं खातेस का?"

"नाना, काय झालंय? असं का बोलताय?"

त्यांचे डोळे भरून आले. "मालेगावहून तुझे दीर येऊन गेले. जावयांनी फोन करून कळवलंय त्यांना. सगळं सांगितलं. पोरीला जपा म्हणाले, हिच्या हाती देऊ नका. होईल गं बरं. आपण नाशिकला चांगल्या डॉक्टरांना दाखवू."

यांनी इथे इंग्रजी वापरलं नव्हतं. इथे साधं मराठी पुरत होतं.

"नाना, तसं नाही! ऐका ना. त्या देशात लोक वेडाला डुलाली म्हणतात. आपल्या गावाचं नाव, नाना! देवळाली म्हणजे वेड. ह्यांनी डॉक्टरला सांगितलं मी डुलाली, आणि मला वाटलं ते गाव..."

बोलता बोलता मी नानांकडे पाहिलं. नाना दादाकडे बघत होते. दादानं मान खाली घातली. दारातली एक बाई तोंडाला पदर लावून आत गेली. आयुष्यभर ज्या गोऱ्यांची नक्कल करून नानांनी आम्हांला हसवलं, त्यांनी हा अर्थ त्यांच्या कानावर कधी येऊ दिला नव्हता. आणि मी भर बाजारात त्यांना सांगत होते की तुमचं गाव म्हणजे वेड. दिरानं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एकीकडे आणि माझं हे खरं एकीकडे. माझ्याच तोंडानं मी यांचं काम पुरं केलं होतं.

मी रडले नाही, हसले नाही, हात हलवले नाहीत. यातलं काय केलं म्हणजे शहाणी दिसेन हे मला कळेनासं झालं होतं. वैजू नानांच्या खांद्यावर रडायला लागली. भुकेचं रडणं होतं ते. माझ्या चोळीला ओल यायला लागली आणि तरी मी हात पुढे केला नाही, कारण केला असता तर नाना मागे सरकले असते. ते मला बघायचं नव्हतं.

तेव्हा आई पुढे आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. नानांच्या हातून तिनं वैजूला उचललं. नाना म्हणाले, "अगं, पण दीर काय म्हणाले..."

"ऐकलंय मी," आई म्हणाली. "वेडी असेल तर असू दे. दूध तिलाच येतंय."

तिनं मला खांद्याला धरून पायरीवर बसवलं, माझी मांडी नीट केली आणि वैजूला तिथे ठेवलं. मी पदर ओढून पोरीला अंगाशी घेतलं. आई माझ्या शेजारी टेकली. मधूदादा दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता, पोरीचं पोट भरेपर्यंत तो तिथून हलला नाही.